सीओपीडीवर नवं इंजेक्शन: चुलीच्या धुराने आजारी पडलेल्यांना त्याचा उपयोग होईल का?

मावळातल्या वडिवळेसारख्या गावात वर्षानुवर्षं चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईला चढावर धाप लागली, तर ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. पण कारण सीओपीडी असू शकतं. या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. २०१६ मध्ये भारतात याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता.

नवं औषध काय आहे?

डुपिलुमॅब हे दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ते सीओपीडीसाठी मंजूर केलं. श्वासनलिकांमधला दाह वाढवणारे दोन संदेश ते अडवतं. दोन मोठ्या चाचण्यांमध्ये आजार अचानक बळावण्याचं प्रमाण ३० आणि ३४ टक्क्यांनी घटलं. मात्र त्याने आजार बरा होत नाही आणि नेहमीचे इनहेलर सुरूच ठेवावे लागतात.

ते सगळ्यांसाठी आहे का?

नाही. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या रुग्णांवरच त्याची चाचणी झाली. दुसरी अट अधिक महत्त्वाची: सहभागी होण्यासाठी धूम्रपानाचा मोठा इतिहास लागत होता. म्हणजे कधीच विडी-सिगारेट न ओढलेली, पण चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली बाई या चाचण्यांमध्ये नव्हतीच. तिला औषध लागू पडणार नाही असं यातून सिद्ध होत नाही. पण लागू पडेल, याचा थेट पुरावाही या चाचण्या देत नाहीत.

हा गट छोटा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये याकडे लक्ष वेधलं होतं. जगात सुमारे एक अब्ज लोक धूम्रपान करतात, तर लाकूड, शेणी यांच्या धुरात सुमारे तीन अब्ज लोक राहतात, असं त्यांनी मांडलं.

मग आज काय करता येईल?

सतत खोकला, कफ किंवा धाप असेल तर स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायची ही तपासणी काही मिनिटांची असते. निदान झालं तर इनहेलर नियमित आणि योग्य पद्धतीने घ्या. ‘इनहेलरची सवय लागते’ हा गैरसमज आहे. धूर थांबवणं हाही उपचाराचाच भाग आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस जोडण्या मिळाल्या, पण सिलिंडर पुन्हा भरणं परवडलं नाही तर चूल पेटतेच.

नव्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. पण इथल्या अनेकांसाठी पहिली गरज वेळेत निदान होण्याची आहे.