हसे कोणाचे होते?

'मस्ती' मालिकेतील चौथा चित्रपट २१ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि अपेक्षेप्रमाणे समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. द्व्यर्थी संवाद, बायकोला कंटाळलेले तीन नवरे आणि केवळ न्याहाळण्यापुरत्या पडद्यावर येणाऱ्या स्त्रिया, हा मसाला २००४ पासून तोच आहे. समीक्षकांचे शेरेही तेच आहेत. प्रेक्षक मात्र बदलला. २०१३ मध्ये अशीच टीका झेलून आणि केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र असूनही 'ग्रॅण्ड मस्ती'ने १०० कोटींच्या घरात मजल मारली होती. या वेळी प्रेक्षकांनीही पाठ फिरवली.

याचे श्रेय सुधारलेल्या अभिरुचीला देण्याची घाई नको. असला विनोद आता फोनवर फुकट मिळतो. त्यासाठी बाळकुमच्या रहिवाशाने मल्टिप्लेक्समध्ये कुटुंबासह जाऊन शेकडो रुपये का मोजावेत? २०१६ मध्ये 'ग्रेट ग्रॅण्ड मस्ती' प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर फुटला, तेव्हाच हा अंदाज यायला हवा होता.

उणीव समीक्षेतही आहे. 'अश्लील' म्हटले की परीक्षण संपते. हसे कोणाचे होते, हा प्रश्न राहूनच जातो. दादा कोंडके यांच्या वाट्याला हेच आले. 'सोंगाड्या'पासून (१९७१) त्यांच्या सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली, तरी पांढरपेशा टीकाकारांना त्यात चावटपणाच दिसला. त्यांचा खेडवळ, भाबडा नायक स्वतःच हशाचा धनी होता आणि शहाण्यांची फजितीही तोच करीत असे. (स्त्रियांच्या चित्रणाबाबत दादांनाही सरसकट माफी देता येणार नाही, हे खरे.)

'ग्रॅण्ड मस्ती'त भूमिका करणाऱ्या रितेश देशमुख यांनीच त्याच वर्षी जानेवारीत रवी जाधव दिग्दर्शित 'बालक-पालक'ची सहनिर्मिती केली होती. विषय लैंगिक कुतूहलाचाच होता. तेथे मुलांच्या चोरून चाललेल्या शोधावर प्रेक्षक हसला, पण त्या हसण्याचा रोख घरातल्या मोठ्यांच्या मौनाकडे होता. म्हणजे दोष विषयाचा नाही.

बाळकुम हे ठाण्यातील जुने गाव. आगरी-कोळी वस्तीचे हे गावठाण आज उंच इमारतींनी वेढले गेले आहे. आगऱ्यांचा हेल आणि गळ्यातील जाड साखळी एवढ्या भांडवलावर दूरचित्रवाणीवरील कितीतरी प्रहसने उभी राहिली. त्यांत शिवी नसते, द्व्यर्थ नसतो. सेन्सॉरने कापावे असे काही नसते आणि टीकाकाराला लिहावे असेही त्यात काही आढळत नाही. हिंदी चित्रपटाने वर्षानुवर्षे मराठी बाई मोलकरीण म्हणूनच दाखवली, यावर मात्र आपण रकानेच्या रकाने लिहिले आहेत.