पिशवी घरी आणून मोजा!



या खेपेला पाककृती नाही की वाळवणाच्या सूचना नाहीत. आज रेशनच्या पिशवीबद्दल चार गोष्टी बोलायच्या आहेत.

त्याचं झालं असं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी गेल्या महिन्यात रेशन घेऊन परस्पर कामावरच आल्या. दोन पिशव्या ओट्याखाली ठेवल्या. रद्दी मोजायला म्हणून घेतलेला एक ताणकाटा आमच्याकडे आहे. धाकट्याला त्याचं भारी वेड. दिसेल ती वस्तू लटकवून बघतो. त्याने पिशव्याही लटकवल्या आणि ओरडला, "आई, एकीत साडेनऊ, दुसरीत साडेतेरा!" म्हणजे झाले २३ किलो. मावशींच्या पावतीवर मात्र २५.

मावशींना काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "अहो बाई, तो नेहमीच तेवढं कमी देतो. बोललं, की पुढच्या महिन्यात मशीन बंद म्हणून चार हेलपाटे घालायला लावतो. खाडे कोण भरून देणार?"

मी शाळेत अर्धवेळ गणित शिकवते. डोक्यात लगेच उदाहरण तयार झालं. कार्डामागे दोन किलो, दुकानाला समजा ५०० कार्डं, तर महिन्याला हजार किलो. म्हणजे दहा क्विंटल धान्य! माप असं चिमूटभर मारलेलं, पण बेरीज केली तर गाडी भरेल.

आता कायदा काय म्हणतो ते बघू या. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. आपल्या राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. पूर्वी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. गंमत बघा, पैसे मोजत होतो तेव्हा बाई निदान म्हणू शकत होती, "मी २५ चे पैसे दिलेत." आता कमी पडलं तरी "फुकटचं तर आहे" म्हणून तिचं तोंड बंद!

दुकानात यंत्र आलं तेव्हा आपल्याला वाटलं होतं, चला, आता चोरी संपली. पण यंत्र बघतं ते अंगठा मावशींचाच आहे का, एवढंच. पिशवीत किती पडलं ते कुठे बघतं? काटा त्या यंत्राला जोडावा म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम दुरुस्त केले. आमच्या दुकानात अजून यंत्र एका टेबलावर आणि काटा दुसऱ्या टेबलावर. दुकानदार म्हणतो, गोदामातून गोणीच कमी भरून येते. असेलही. मग ती तूट त्याने गोदामाकडे मागायची, की मावशींच्या पिशवीतून काढायची?

नियोजन आयोगाच्या २००५ च्या अहवालात म्हटलं होतं, की सवलतीच्या धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालच्या घरांपर्यंत पोचतच नाही. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली, हे खरं. छत्तीसगडने २००४ मध्ये दुकानं खासगी मालकांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली. धान्याच्या गाड्यांना पिवळा रंग लावला, म्हणजे गाडी कुठे वळली ते रस्त्यावरच्या पोरालाही दिसावं. चार डोळ्यांचा धाक असला, की फरक पडतो.

हे डोळे आपल्या कायद्यातही आहेत बरं का! प्रत्येक दुकानाला दक्षता समिती हवी आणि तिच्यात स्त्रिया हव्यात. मी दुकानात विचारलं, आमची समिती कुठली? त्याने भिंतीवरचा फलक दाखवला. त्यात आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींचं नाव! त्यांना विचारलं तर म्हणतात, "अगं बाई, माझं नाव आहे होय तिथे?"

मी हसले खरी, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी आमचं स्वतःचं कार्ड पुढे ठेवलं. ई-केवायसीसाठी घरातल्या प्रत्येकाचा अंगठा हवा होता. नावं सहा. त्यातलं एक सासऱ्यांचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली! महिन्याला पाच किलो, म्हणजे तीन वर्षांत १८० किलो धान्य आम्ही त्यांच्या नावावर उचललं. शिवाय शहरात प्राधान्य कार्डाला वर्षाची उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपये. यांचा पगार आणि माझा पगार धरला, तर ती आम्ही कधीच ओलांडली आहे. तांदूळ इडलीला वापरायचा आणि उरलेला मावशींना द्यायचा. वर दान केल्याचं समाधान!

आणि मावशींच्या सुनेचं नि नातवाचं नाव दोन वर्षांपासून चढत नाही. कचेरीत सांगतात, "इष्टांक संपलाय." म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा भरला. तो कुणी भरला? थोडा आम्हीच की!

नावं काढायचा विषय निघाल्यावर हे म्हणाले, "उगाच वसुली लागली तर?" भीती मलाही वाटली, खोटं कशाला सांगू? पण दुकानदाराचे दोन किलो मोजायचे आणि आपले तीस झाकायचे, हे माझ्या गणितात बसेना. वसुली निघाली तर हप्त्याने भरू, असं ठरवून तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज दिला. आमची नावं गेली म्हणून मावशींची चढतीलच असं नाही. पण अडवून तरी ठेवायची नाहीत.

आता तुमच्यासाठी काही सूचना :

१. पावती मागून घ्या आणि पिशवी घरी मोजा. दोन-तीन महिन्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा.

२. एकटीने भांडू नका. चार-पाच जणी एकाच दिवशी रेशनला जा.

३. दक्षता समितीचा फलक वाचा. त्यातल्या बाईंना घरी जाऊन भेटा.

४. दाद लागली नाही, तर १९६७ या क्रमांकावर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

५. सर्वांत आधी आपलं कार्ड काढून नावं वाचा.

या महिन्यात वहिनी आणि मी ताणकाटा घेऊन मावशींबरोबर दुकानात उभ्या राहिलो. दुकानदार काही बोलला नाही. पिशव्या भरल्या साडेचोवीस किलो.

अर्धा किलो अजून बाकी आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत.