पडद्यावरचे युद्ध

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांमधील यवतमाळ जिल्ह्यापासून देशाची सीमा शेकडो मैल दूर आहे. ज्यांच्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्यांची गोष्ट निराळी; इतरांना युद्ध भेटते ते बहुधा पडद्यावरच. म्हणून विद्यार्थ्यांपुढे कोणते युद्धपट येतात, हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे.

चेतन आनंद यांनी १९६४ साली ‘हकीकत’ काढला तो १९६२च्या पराभवावर. लडाखच्या थंडीत माघार घेताना एकेक करून पडणारे जवान त्यांनी दाखविले. जखम ओली असताना हरण्यावर चित्रपट काढावयास धैर्य लागते. जे. पी. दत्ता यांच्या ‘बॉर्डर’ने (१९९७) १९७१ची लोंगेवालाची लढाई घेतली. तेथे विजय आहे, गर्जना आहे, हौतात्म्य तर आहेच. किंबहुना ज्या भैरोसिंह राठोड यांना त्यात वीरमरण आले, ते प्रत्यक्षात रणांगणातून सुखरूप परतले आणि २०२२ साली वारले! जिवंत वीर पटकथेला पुरेसा वाटला नसावा.

व्ही. शांताराम यांची वाट याहून वेगळी. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाचा नायक सोलापूरचा डॉक्टर आहे. जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करीत द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तेथेच निवर्तले. राष्ट्रीय सणांच्या निमित्ताने जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी ‘बॉर्डर’ अवश्य दाखवावा. परंतु उरलेले दोन्ही चित्रपटही त्याच आठवड्यात दाखवावेत, आणि नंतर शिक्षकांनी भाषण न करता मुलांना बोलू द्यावे.