हिशेबाची आवड

एखाद्याला हिशेबाची आवड असली की लोक म्हणतात, "बँकेत नोकरी कर." मला हा सल्ला अपुरा वाटतो.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले. महिला निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. मग त्या शिकल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा कोणताही हिशेब विचारा! १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. त्यांना कोणीतरी शिकवलेच ना?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातही गावोगावी बचत गट आहेत. सावकाराचे 'शेकडा ३' म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे तिथे समजावून सांगणे हाही एक व्यवसायच. त्याची फी जरूर घ्यावी. मात्र शिकवता शिकवता पॉलिसी विकून कमिशन घेणाऱ्याला मी शिक्षक म्हणणार नाही, मग तो माझा नातेवाईक का असेना.