गच्चीवरचे ग्रहण

ग्रहण लागले की दारे लावून घरात बसणाऱ्यांशी माझे फारसे भांडण नाही. आकाशात काहीतरी अघटित चालले आहे, एवढे तरी त्यांना कळलेले असते! माझे भांडण आहे ते गच्चीवर काळा चष्मा लावून उभ्या राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांशी. “इथूनच नव्वद टक्के दिसते आहे. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी दोन रात्री रेल्वेत कोण काढणार?” हा त्यांचा हिशेब. वाण्याच्या दुकानात तो बरोबर ठरेल. आकाशात साफ चुकतो.

सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. तो ९९ टक्के झाकला, तरी उरलेला एक टक्का चार हजार चंद्रांएवढा उजेड पाडतो. आणि सूर्याभोवतीचे जे प्रभामंडल पाहण्यासाठी माणसे समुद्र ओलांडून जातात, त्याचे तेज जेमतेम एका चंद्राएवढे! चार हजारांच्या गलक्यात त्या एकाचा आवाज कसा ऐकू यावा? तेव्हा ९९ टक्के म्हणजे जवळजवळ खग्रास, ही समजूत सोडा. मांडवाच्या दाराशी जाऊन अक्षता न टाकता परतण्यासारखे ते आहे.

१९९५ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच सकाळी, २४ ऑक्टोबरला, राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात खग्रास ग्रहण होते. “ऐन दिवाळीत घर सोडून?” म्हणून घरात रण माजले असता मी राजस्थानात नीम का थाना येथे गेलो. पुरते एक मिनिटही नव्हते ते! उजेड संध्याकाळसारखा तांबूस न होता पत्र्यासारखा करडा होत गेला. अंगावर शहारा आला. आणि एकाएकी सूर्याच्या जागी काळीभोर टिकली, भोवती मोतिया झळाळ, शेजारी शुक्र. इतका वेळ ओरडणारी शाळकरी पोरे चिडीचूप झाली. चष्मा काढून नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहता येते ते तेवढ्याच क्षणांत. गच्चीवर ते भाग्य नाही.

ही हौस आजची नव्हे. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विलायतेहून विजयदुर्गला आला होता. (१८६८ साली त्याने हेलियम तिथेच शोधला, असे आपल्याकडे हौसेने सांगतात, त्या साली तो विलायतेतच होता. असो.) पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला स्वतःची वेधशाळा सोडून जेऊरला जाऊन बसले. पुण्यातही खंडग्रास दिसणारच होते की! पण त्यांनी गच्ची धरली नाही.

“आणि ढग आले तर?” येतात. २२ जुलै २००९ ला बिहारात तारेगनाला जमलेल्या हजारोंना ढगांनी फसवले. काशीच्या घाटावरच्यांना ग्रहण दिसले. लग्नात पाऊस पडेल म्हणून कोणी मुहूर्त धरायचे सोडत नाही. घरी बसून वाट पाहायची, तर एका गावी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांनी येते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास आहे. आपल्या पश्चिम भागात त्या दिवशी खंडग्रास, म्हणजे गच्च्या भरणारच. इजिप्त ज्यांच्या खिशाला झेपणार नाही, त्यांच्यासाठी २० मार्च २०३४ ला लडाख आहे. रजा आणि लोकरीचे कपडे, दोन्ही आतापासून जपून ठेवा.