गोधडीला मार्क किती?

शाळेच्या वहीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा गृहपाठ आला, की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. ज्यांना आइस्क्रीम कधी लागलंच नाही अशा काड्यांचं कोरं पाकीट, चमकी, रंगीत स्ट्रॉ, डिंकाची बाटली आणि थर्माकोलचा तुकडा अशी खरेदी होते. रात्री अकरापर्यंत आई-बाबा पेनस्टँड चिकटवतात, मूल झोपलेलं असतं. शनिवारी प्रदर्शन, सोमवारी कचऱ्याचा डबा. टाकाऊतून टिकाऊ व्हायच्या ऐवजी टिकाऊचं टाकाऊ होतं, वर दहापैकी नऊ मार्कही मिळतात. महाराष्ट्रात 2018च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची सजावटही आली होती. शाळांच्या प्रदर्शनातून मात्र थर्माकोल अजून पुरता हटलेला नाही.

गंमत अशी, की हे सगळं चाललेलं असताना त्याच घरातल्या माळ्यावर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत खरा धडा घडी करून ठेवलेला असतो. तो म्हणजे गोधडी. कुठे तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळासाठी केली तर दुपटं. तळाला जुनं लुगडं पसरायचं, त्यावर विरलेली धोतरं, फाटके सदरे, परकराचे तुकडे यांची भर घालायची, वरून दुसरी साडी किंवा जोडलेली ठिगळं. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. चौकोनात चौकोन उमटत जातात आणि चार-पाच थर मिळून एक जाड, ऊबदार कापड होतं. बाळाच्या दुपट्याला नवं कापड कुणी घेत नसे, कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुती लुगड्याचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. इथे जुनेपण हाच गुण होता.

ही कला एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी याच कुळातल्या. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात.

गोधडीला कार्यानुभवाच्या तासापुरतं कोंडून ठेवायचं कारण नाही, कारण तिच्यात चौथीचं अर्धं गणित आहे. नऊवारी म्हणजे साधारण 8.23 मीटर. तिच्या चार सारख्या घड्या केल्या तर प्रत्येकीची लांबी किती? दोन मीटरच्या थोडी वर, म्हणजे माणूस पाय पसरून झोपेल एवढी. चौकोन तिरका कापला की दोन त्रिकोण होतात, हे फळ्यापेक्षा कात्रीने लवकर कळतं. परिसर अभ्यासही हाताशी आहे: कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. सुती कापड तो पटकन पिऊन टाकतं, पॉलिएस्टरवर तो बराच वेळ रेंगाळतो. घाम टिपणारी गोधडी सिंथेटिक साडीची का होत नाही, हे तिसरीतलं पोर स्वतःच सांगेल. आज घरोघरच्या कपाटात सुती लुगडी कमी आणि सिंथेटिक साड्या जास्त, ही अडचण खरी. पण तीच धड्याचा विषय होऊ शकते.

सुपाचंही तसंच. बांबूचं सूप किंवा टोपली उसवू लागली, की रद्दी कागद आणि मेथ्या भिजवून, वाटून त्यांचा लगदा तिला लिंपायचा, ही घरोघरची रीत होती. मेथीचा चिकटपणा डिंकाचं काम करतो. लगदा वाळला की तेच सूप आणखी काही वर्षं धान्य पाखडायला तयार. साहित्य काय लागलं? कालचं वर्तमानपत्र आणि मूठभर मेथ्या. ते वाटायला मुलांचे हात दुकानातल्या कुठल्याही ‘क्राफ्ट किट’पेक्षा जास्त वेळ गुंततात, हा वर्गातला फायदा वेगळाच.

हाताने शिकवायची कल्पना आपल्याकडे परदेशातून यायला नको. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हस्तव्यवसाय हा अभ्यासाचा गाभा धरला होता, शनिवारची करमणूक नव्हे. 1945मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे अनुताई वाघ यांच्यासह हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं यांची शैक्षणिक साधनं केली. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात बसून आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रद्दी यांतून विज्ञानाची खेळणी मुलांच्या हाती दिली. त्यांना 2018मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या शाळांनी यातलं नाव घेतलं आणि पद्धत सोडली.

नव्या शैक्षणिक धोरणात स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून शिकण्यासाठी दहा दप्तराविना दिवस ठेवले आहेत. पण ते सहावी ते आठवीसाठी. ज्या वयात बोटं सगळ्यात उत्सुक असतात त्या पहिली ते पाचवीच्या मुलांना त्यात जागा नाही. महाराष्ट्रात 2024पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम पहिलीपासून आहे. गोधडी बसवायची तर तिथेच बसेल.

आता खबरदारीची गोष्ट. पारंपरिक कला शाळेत आणा म्हणताना जात मागच्या दाराने आत येऊ शकते. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, म्हणून हाणून पाडलं आणि 1954मध्ये ती मागे घ्यावी लागली. विरोध अगदी रास्त होता. बुरडाच्या मुलाला टोपली आणि वाण्याच्या मुलाला हिशेब अशी वाटणी पुन्हा नको. म्हणून नियम सोपा असावा: वर्गातल्या प्रत्येकाने सगळं करायचं. मुलग्यांनीही सुई धरायची. ‘हे बायकांचं काम’ हा शेरा बहुतेक घरातूनच येईल, त्याला बाईंनी वर्गातच उत्तर द्यावं.

दुसरी गोष्ट गरिबीची. गोधडी हौसेतून जन्मली नाही, नवं पांघरूण परवडत नव्हतं म्हणून जन्मली. आजही जिच्या घरी गोधडीशिवाय दुसरं काही नाही अशी मुलगी वर्गात असू शकते. शहरी दुकानात तीच वस्तू हस्तकला म्हणून मोठ्या किमतीला टांगलेली पाहून आपण हरखतो. त्या मुलीला मात्र लाजेने मान खाली घालावी लागू नये. तिच्या आजीला शिक्षक म्हणून बोलवा, चहा द्या आणि मानधनही. शिवणाऱ्या बाईचं नाव गोधडीवर कधी नसतं. शाळेच्या फळ्यावर तरी ते लिहिलं जावं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. येत्या वर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या सूचनेत एक ओळ घाला: विकत आणलेलं काही चालणार नाही. तिसरीच्या वर्गात तीस मुलं असतील तर प्रत्येकाने घरच्या जुन्या सुती कपड्याचा तीस सेंटिमीटरचा एक चौकोन आणायचा, बोथट टोकाच्या जाड सुईने तो शेजारच्याच्या चौकोनाला जोडायचा. पाच रांगा, सहा चौकोन. शिवणीत थोडं कापड जाईल, तरी जवळपास दीड मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर लांब गोधडी होते. ती प्रदर्शनात टांगू नका. गावच्या अंगणवाडीत दुपारी झोपणाऱ्या पोरांखाली अंथरा.