फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज टाकताय? आधी ३३ लाख गाड्यांची ही गोष्ट वाचा

मागच्या श्रावणात आम्ही घरचे सहा जण कपिलधारला गेलो होतो. बीडकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको: मन्मथस्वामींची समाधी, बाजूला धबधबा आणि पावसाळ्यात पार्किंगला जागा मिळाली तर नशीब. दर्शन झालं, भिजून झालं. परत निघताना दिसलं की मागच्या चाकात हवा कमी आहे. मावसभावाने ऑनलाइन मागवलेला छोटा हवेचा पंप काढला. तेवढ्यात मावशीला सीटवर सांडलेले मुरमुरे दिसले, म्हणून त्याने कारचा व्हॅक्युम क्लीनरही काढला. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला एकाचे तीन करणारा ॲडॉप्टर लावला: पंप, क्लीनर आणि माझा फोन, सगळं एकदम. मिनिटभरात सगळंच बंद. फोन ६ टक्क्यांवर.

फ्यूज उडाला होता. गाडी हळूहळू मांजरसुंब्यापर्यंत आणली, चाकात हवा भरून घेतली आणि हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याला फ्यूजचं दाखवलं. त्याने निळा फ्यूज काढला, डब्यातून हिरवा काढून बसवला आणि म्हणाला, "आता नाही जात, बघा. दोन्ही मशिन लावून चेक करा." आम्ही लावल्या. खरंच, फ्यूज गेला नाही. पाच-सहा मिनिटांनी मात्र गिअरजवळून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. ॲडॉप्टर उपसला तर त्याचं तोंड मऊ झालेलं, हात लावता येईना.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राममध्ये एरर आला आणि कुणी एररचा मेसेजच बंद करून टाकला, तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. निळ्याच्या जागी हिरवा फ्यूज टाकणं म्हणजे अगदी तेच. आणि दर उन्हाळ्यात 'धावत्या कारने घेतला पेट' अशा बातम्या आपल्या फोनवर येतात, तेव्हा हा मुद्दा फक्त माझ्या गाडीपुरता राहत नाही.

फ्यूज नेमकं कोणाला वाचवतो?

बऱ्याच जणांना वाटतं की फ्यूज चार्जरला किंवा म्युझिक सिस्टीमला वाचवतो. प्रत्यक्षात त्याचं पहिलं काम आहे डॅशबोर्डच्या आतली वायर वाचवणं. कंपनी प्रत्येक वायरची जाडी ठरवते आणि त्या वायरला झेपेल एवढाच करंट जाऊ देणारा फ्यूज लावते. करंट त्यापेक्षा वाढला की फ्यूजमधली पातळ पट्टी वितळते आणि सर्किट तुटतं. म्हणजे उडालेला फ्यूज बिघडलेला नसतो, त्याने ड्यूटी केलेली असते.

आजच्या बहुतेक गाड्यांत दोन पात्यांचे, प्लॅस्टिकचे ब्लेड फ्यूज असतात. त्यांचे रंग ठरलेले आहेत:

- ५ ॲम्पिअर: फिकट तपकिरी
- ७.५ ॲम्पिअर: तपकिरी
- १० ॲम्पिअर: लाल
- १५ ॲम्पिअर: निळा
- २० ॲम्पिअर: पिवळा
- २५ ॲम्पिअर: पांढरा किंवा पारदर्शक
- ३० ॲम्पिअर: हिरवा

आता आमचा हिशोब करू. पंप १२० वॅट, क्लीनर १२० वॅट, फोनचा चार्जर ३० वॅट. एकूण २७० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागलं की २२.५ ॲम्पिअर. सॉकेटचा फ्यूज होता १५ चा, म्हणजे दीडपट लोड. तो उडणारच होता.

हिरवा ३० चा टाकल्यावर तेच २२.५ ॲम्पिअर आरामात वाहत राहिले, कारण ३० च्या फ्यूजच्या दृष्टीने काहीच चुकीचं घडत नव्हतं. पण वायर तीच होती, १५ च्या हिशोबाची. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. जिथे जोड सगळ्यात सैल, तिथे ती आधी दिसते. आमच्याकडे ती ॲडॉप्टरच्या तोंडाशी दिसली म्हणून कळलं तरी. कार्पेटखाली झाली असती तर वास येईपर्यंत उशीर झाला असता.

आणखी एक गैरसमज: करंट वाढला की फ्यूज 'लगेच' उडतो. तसं नाही. साध्या ब्लेड फ्यूजच्या तक्त्यानुसार ३५ टक्के जादा करंटला तो पाऊण सेकंदापासून १० मिनिटांपर्यंत कधीही उडू शकतो. दुप्पट करंटला मात्र जास्तीत जास्त ५ सेकंद. म्हणजे बरोबर फ्यूज असतानाही वायरला थोडा ताण सोसावा लागतो. कंपनीने ती सवलत धरूनच वायर निवडलेली असते. आपण फ्यूज दुप्पट केला की ती सगळी सवलत संपते.

'शॉर्ट सर्किट' हे उत्तर की प्रश्न?

गाडी जळाल्याची बातमी आली की दुसऱ्या ओळीत 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' असतोच. हिंजवडीची घटना आठवा. १९ मार्च २०२५ ला सकाळी कर्मचाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. सुरुवातीला शॉर्ट सर्किटचीच चर्चा होती. तपासानंतर पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सांगितलं की, ही आग चालकानेच रसायन वापरून मुद्दाम लावल्याचा संशय आहे. म्हणजे पहिला अंदाज आणि तपास यांची दिशाच वेगळी निघाली.

यातून घ्यायचं ते एवढंच: 'शॉर्ट सर्किट' म्हटलं की प्रश्न संपत नाही, सुरू होतो. बहुतेक सर्किटवर फ्यूज बसवलेलाच असतो, मग त्याने आग का थांबवली नाही? फ्यूज चुकीचा होता का? कुणी त्याला वगळून बॅटरीवरून थेट वायर ओढली होती का? की आग विजेची नव्हतीच, इंधनाची गळती होती? हे प्रश्न विचारले गेले नाहीत, तर पुढच्या गाडीवाल्याला त्या बातमीतून काहीच शिकायला मिळत नाही.

कंपन्या फ्यूज बदलतात, पण उलट्या दिशेने

आता ३३ लाखांची गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत जवळपास ३३ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. एबीएस ब्रेकच्या कंट्रोल युनिटमध्ये ब्रेक ऑइल झिरपून आत शॉर्ट होण्याची आणि आग लागण्याची शक्यता होती, अगदी गाडी बंद करून उभी असतानासुद्धा. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगितलं गेलं. (हे रिकॉल अमेरिकेतल्या मॉडेल्सचं होतं. आपल्याकडच्या मालकांनी यावरून घाबरायचं कारण नाही.)

आणि एवढ्या गाड्यांवर कंपन्यांनी उपाय काय दिला? फ्यूज बदलून देणं. त्या युनिटमध्ये जाणाऱ्या करंटला आवर घालणारा नवीन फ्यूज. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूवर लाखो गाड्यांची सुरक्षा सोपवली गेली.

पण गोष्ट इथे संपली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने या रिकॉलची पडताळणी सुरू केली. त्यांचा प्रश्न साधा होता: नवीन फ्यूज करंट कमी करेल, पण ऑइल झिरपतंय त्याचं काय?

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तिथे करंटला आवर घालणारा फ्यूज टाकला, तरी सरकारी यंत्रणा विचारते की मूळ कारण दुरुस्त केलं का. आपण मात्र मोठा फ्यूज टाकतो आणि 'आता नाही जात' म्हणून पैसे देऊन निघतो.

ही सवय येते कुठून?

गॅरेजवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, पण ही सवय आपल्या सगळ्यांची आहे. गावाकडे डीपीवरचा फ्यूज गेला की काय होतं? मोटारी चालू हव्यात, पिकाला पाणी हवं, वायरमन कधी येईल माहीत नाही. मग जाड तार बांधली जाते. त्या क्षणी ती बांधणाऱ्याकडे दुसरा पर्यायही नसतो. पण डीपी जळाला की सगळ्या शिवारातल्या मोटारी बंद पडतात आणि भुर्दंड सगळ्यांना बसतो. घरातल्या बोर्डावरही हेच. त्याच हातांनी आपण गाडीचा फ्यूज बदलतो. त्यात भर म्हणून फ्यूजला चांदी गुंडाळा, पिन अडकवा, असे 'हॅक' सांगणारे रील्स. गाडीत ही चूक जास्त महागात पडते, कारण वायरच्या आजूबाजूला फोम, कापड, प्लॅस्टिक आणि इंधन असतं, आणि मधोमध आपण बसलेलो असतो.

मग बदलायचा कसा?

फ्यूज बदलणं स्वतः करण्यासारखं काम आहे. पाच मिनिटं लागतात, आणि सगळ्यात उपयोगी हत्यार तुमच्या खिशातला फोन आहे.

१. इंजिन बंद, चावी काढलेली, लाइट बंद. सॉकेटला लावलेलं सगळं उपसा.

२. गाडीचं मॅन्युअल पीडीएफ स्वरूपात फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. घाटात रेंज नसते. फ्यूज बॉक्स साधारण दोन असतात: एक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली, दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आत नकाशा असतो. अक्षरं बारीक असतात, कॅमेऱ्याने झूम करून वाचा.

३. काही काढण्याआधी फ्यूज बॉक्सचा फोटो काढा. नंतर 'हा कुठला होता?' असा प्रश्न पडत नाही.

४. बॉक्समध्ये बहुतेक वेळा छोटा प्लॅस्टिकचा चिमटा असतो. त्याने फ्यूज सरळ वर ओढा. लोखंडी पक्कड घालू नका.

५. फ्यूज उजेडाकडे धरा. आतली पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली असेल तर तो गेलाय. पट्टी धड दिसत असेल तर दोष दुसरीकडे आहे. मल्टिमीटर असेल तर खात्री करून घ्या.

६. त्याच ॲम्पिअरचा आणि त्याच आकाराचा नवीन फ्यूज बसवा. एक पायरीही मोठा नको. स्पेअर नसेल आणि पावसात वायपर बंद पडला असेल, तर म्युझिक किंवा सॉकेटचा तेवढ्याच ॲम्पिअरचा फ्यूज तात्पुरता काढून वापरता येतो. गाण्यांशिवाय घाट उतरता येतो, वायपरशिवाय नाही.

७. नवीनही उडाला तर थांबा. तिसरा टाकू नका. दोनदा उडाला म्हणजे पुढे लोड जास्त आहे किंवा कुठेतरी वायर घासली आहे. ते शोधणं इलेक्ट्रिशियनचं काम.

एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग यांचे फ्यूज आणि बोल्टने कसलेले मोठे फ्यूज यांना घरी हात लावू नका. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबल्स हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांच्यापासून लांबच राहा. सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल तर फ्यूजचा विषयच सोडा, आधी सगळे खाली उतरा.

डॅशकॅम, हॉर्न, जास्त वॅटचे बल्ब

पुढचा धोका आपण स्वतः विकत आणतो. डॅशकॅमसाठी वायर जोडून घेत असाल तर फिटरला एकच प्रश्न विचारा: "याला वेगळा फ्यूज कुठे आहे?" उत्तर नसेल तर काम थांबवा. बॅटरीवरून थेट आणलेल्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. हेडलाइटमध्ये ६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला की एका बल्बचा करंट ५ ॲम्पिअरवरून ८ च्या पुढे जातो. मग फ्यूज उडतो, मग मोठा फ्यूज येतो. साखळी अशी सुरू होते.

आणि कंपनीचीच चूक असेल तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे रिकॉलचं कलम आलं. पण सेकंड हँड गाडी घेतली असेल तर कंपनीचा मेसेज जुन्या मालकाच्या फोनवर जाऊ शकतो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का ते बघता येतं. आज रात्री तेवढं करा.

चालत्या गाडीत जळका वास किंवा धूर आला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे उतरून लांब व्हा आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा आहे. धूर येत असताना बॉनेट उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते.

आमच्या गाडीत आता ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी डबी असते: १०, १५ आणि २० चे दोन-दोन फ्यूज. हिरवा मी त्याच संध्याकाळी काढला, निळा बसवला. पंप आणि क्लीनर आजही आहेत, फक्त एका वेळी एकच चालतो. मावसभाऊ म्हणतो, "दादा, मग वेळ लागतो की." लागू दे.